उसाच्या दिवसांत माझं कुणी ऐकत नाही

परवा सकाळी दोरीवरचे मोजे काढायला गेले, तर पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके. बोट लावलं की पसरतात, झटकलं की आणखी पसरतात. म्हणजे कारखान्याचं बॉयलर पेटलं. मोळी कुणाच्या हस्ते पडली, भाव काय जाहीर झाला, ते मी बघत नाही. मला हंगाम मोज्यांवरून कळतो. आता उन्हाळ्यापर्यंत पांढरं काही पांढरं राहणार नाही, मळीचा वास अंथरुणापर्यंत येणार, आणि संध्याकाळी ग्राउंडवर माझं कुणी ऐकणार नाही.

ऐकणार नाही म्हणजे ऐकू येणार नाही. आमच्या ग्राउंडच्या कडेनं कारखान्याचा रस्ता जातो. वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत उसाचे ट्रॅक्टर तिथं रांगेत उभे असतात. एकेका ट्रॅक्टरवर कपाटाएवढे स्पीकर. पुढचा वरातीतलं गाणं लावतो, मागचा देवाचं, त्याच्या मागचा नुसतं धडधडणारं, ज्यात शब्दच नसतात. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत बसतात, गाणं मात्र चालूच. एकदा मी जाऊन एकाला म्हटलं, "बाबा, जरा बारीक कर, पोरी खेळत्यात."

तो म्हणाला, "आवं चाची, तुमीच वाढवा की तुमचा आवाज."

मी वाढवलाच होता. पुष्कळ वर्षं मी दुसरं काही केलं नाही.

मी पोरींना फुटबॉल शिकवते. आता वयामुळं बसूनच शिकवते, पण शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि घरात धाकटी भावंडं होती. त्यात रडण्यासारखं काही नाही, आमच्या गल्लीत सगळ्यांचं तसंच झालं. आमचे मालक कापूस पिंजून गाद्या भरायचे आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. मी कडेला दगडी रोलरवर बसून गादी शिवायच्या दाभणानं फाटके बॉल शिवायची. बघून बघून खेळ कळला. मालक गेल्यावर पोरं पांगली. उरल्या त्या गोलामागं बॉल आणायला उभ्या राहणाऱ्या त्यांच्या बहिणी. त्या म्हणाल्या, "चाची, आमाला घ्या की." मी घेतलं. माझ्या हाताला दुसरं काम नव्हतं, हे खरं कारण.

मालक ग्राउंडवर फार बोलत नसत. हाताची घडी घालून उभे राहायचे. मला वाटायचं, दिवसभर पिंजून पिंजून माणूस थकतो, बोलायला जीव राहत नसेल. मी ठरवलं होतं, मी असं अर्धवट काम करणार नाही. मी सगळं सांगेन.

आणि मी सगळं सांगायला लागले. कुणी कुठं पळायचं, कुणी थांबायचं, बॉल कधी सोडायचा, कुणाला द्यायचा. डावं-उजवं सांगून भागत नव्हतं. मी कडेला बसलेली, पोरी तोंड फिरवतील तसं त्यांचं डावं-उजवं बदलायचं. म्हणून मी ग्राउंडच्या चार बाजूंना चार नावं दिली. एकीकडं चिंच, एकीकडं विहीर, एकीकडं शाळा, एकीकडं रस्ता. "चिंचेकडं मार." "विहिरीकडची सोडू नको." "शाळेकडं कोण हाय बघ." पोरींना एका दिवसात कळलं. चिंच कुठं जात नाही, असं मी तेव्हा म्हणायची.

पहिला बाहेरचा सामना शिराळ्याला होता. मी सवयीनं ओरडले, "चिंचेकडं मार." आमच्या पोरी जागच्या जागी थांबल्या आणि झाड शोधायला लागल्या. चारी बाजूंना घरं आणि एक पाण्याची टाकी. तेवढ्यात समोरच्या पोरींनी गोल केला. त्यांचे सर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आवं आज्जी, चिंच संगट आणायची व्हती की."

शहाण्या माणसानं तिथंच विचार केला असता. मी काय केलं? पुढच्या सामन्याला लवकर गेले, मैदानाला एक फेरी मारली आणि पोरींना सांगितलं, "आज ती टाकी म्हणजे आपली चिंच. ते देऊळ म्हणजे विहीर. ध्यानात ठेवा." त्यांनी ठेवलं, आणि आम्ही जिंकलो. जिंकल्यावर कोण विचार करतं? त्यानंतर जिथं जाऊ तिथं मी आमचं ग्राउंड बरोबर घेऊन गेले. कराडला एका कॉलेजच्या मैदानावर रसवंतीचा गाडा म्हणजे चिंच होती. हाफ टाइममध्ये गाडेवाला गाडा घेऊन निघून गेला, तेव्हा आमची सगळी एक बाजू उघडी पडली. त्या दिवशी मी गाडेवाल्याला शिव्या दिल्या.

ग्राउंडवर माझा सगळ्यात जीव सानिकावर होता. तिची आई गिरण चालवते. पिठानं पांढरे झालेले हात पुसत आईनं पोर आणून उभी केली आणि म्हणाली, "तुमी सांगाल तसं करंल ती." आणि पोरगी खरंच तसं करायची. पायात ताकद, नजर सरळ, दम भरपूर. माझ्या तोंडातून शब्द निघायचा आणि तिचा पाय निघायचा, मध्ये काही नाही. माझाच पाय तिला लावलाय असं वाटायचं. मी कधी खेळले नाही, तरी सानिका पळायची तेव्हा मी खेळत असायची. हे आता सांगताना बरं वाटत नाही, पण तसं होतं.

तिच्या बरोबरीची प्रतीक्षा. ती ऐकायचीच नाही. चिंचेकडं म्हटलं की विहिरीकडं. मी रोज तिला बोलायची. "कान कुठं ठेवून येतीस गं?" ती म्हणायची, "चाची, तिकडं कुणीच नव्हतं. मी बघितलं." मी म्हणायची, "बघायचं काम माझं. तुझं पळायचं." एवढं बोलून मी रोलरवर परत बसायची, आणि मला वाटायचं की मी शिकवलं.

मग तो हंगाम आला. पाच-सहा वर्षं झाली असतील. कारखान्यानं वजनकाटा अलीकडं आणला आणि ट्रॅक्टरची रांग थेट आमच्या गोलाच्या खांबापर्यंत आली. त्याआधी गाणी लांबून यायची. आता स्पीकर आमच्या अंगावर. मी ओरडत होते आणि मला माझाच आवाज येत नव्हता. घसा बसला, हळद-दूध झालं, लवंग झाली. एक दिवस मी पांढरा टॉवेल हलवून खुणा करायला सुरुवात केली, तर ट्रॅक्टरवाल्याला वाटलं मी त्याला बाजूनं जा म्हणतेय. तो ट्रॉली घेऊन ग्राउंडात शिरला. पोरी हसून हसून लोळल्या.

पहिल्या आठवड्यात सगळ्याच पोरी बावरल्या. मग एकेक करून त्यांनी माझ्याकडं बघणं सोडलं. एकमेकींकडं बघायला लागल्या. हातवारे करायला लागल्या. प्रतीक्षा तर गाण्याच्या ठेक्यावर पळायची. खेळ वाईट होत नव्हता. मी रोलरवर बसून बघत होते आणि मला राग येत होता. माझ्याशिवाय घरात स्वयंपाक झाल्यावर येतो तसा.

सानिका मात्र बॉल पायात आला की थांबायची. मान वळवून माझ्याकडं बघायची. मी तोंड हलवायची, तिला ऐकू यायचं नाही, ती तशीच उभी. मग कुणीतरी येऊन बॉल घेऊन जायचं.

पोरींचे बनियन मी धुते. घरी दिले की रंग जातात, नंबर उसवतात. दगडावर एकेक बनियन घासताना त्या पोरीचा खेळ मला पुन्हा दिसतो. कोपराला माती असेल तर ती कुठं पडली, पाठीला असेल तर कशी पडली. मला लिहून ठेवायची सवय नाही, माझा विचार होतो तो नळावरच. त्या हंगामात सानिकाचं बनियन निव्वळ काजळीचं असायचं. माती नाही. आधी ते सगळ्यात शेवटी निघायचं, दोन वेळा साबण लागायचा. आता एका पाण्यात निघत होतं. मी ते पिळून दोरीवर टाकलं आणि त्याच्याकडं बघत उभी राहिले. पोरगी एवढा वेळ मैदानात असते आणि नुसती उभी असते.

शाळेतले कदम सर खेळ शिकवतात. हळू बोलणारा माणूस. मी त्यांना बोलावून दाखवलं. ते थोडा वेळ बघून म्हणाले, "चाची, तुम्ही नसलात तर ही काय करेल?"

मी म्हटलं, "मी कशाला नसेन?"

सर ट्रॅक्टरचं गाणं संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "तिला सांगू नका. विचारा."

मी विचारायला लागले. ग्राउंडवर नाही, सकाळी शाळेच्या आधी, रस्ता गप असताना. बॉल तिच्या पायात देऊन म्हणायची, "सानिका, आता काय करशील?"

"तुमी सांगा."

"मी न्हाई सांगणार. तुला काय दिसतंय?"

ती इकडंतिकडं बघायची. "चिंच दिसतीया."

"आणि?"

"इहीर." मग घाबरून, "बरोबर हाय का चाची?"

तिला माणसं दिसत नव्हती. मोकळी जागा दिसत नव्हती. मी दिलेली चार नावं दिसत होती. सांगकामी म्हणतात तसली पोर मी घडवली होती, आणि घडवताना मला लोक शाबासकी देत होते. गादीत जास्त कापूस ठासला की ती दगडासारखी होते. मग उसवायची, कापूस काढायचा, मोकळा करायचा, परत भरायचा. गादीला ते चालतं. पोरीला कुठून उसवायचं, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

जिल्ह्याच्या संघाची निवड सांगलीत व्हायची होती. आमच्यातल्या दोघींना बोलावणं आलं, सानिका आणि प्रतीक्षा. निवड झालेल्या पोरींना सांगलीत राहून खेळायची, शिकायची सोय होती. सानिकाला बाकी काही नको होतं. ती आईला गिरणीत मदत करताना पिठाच्या डब्यावर बोटानं आपला नंबर काढायची आणि आई तो पुसायची. "लागंल का वो चाची हिचं नाव?" आई विचारायची. मी म्हणायची, "लागंल." दुसरं काय म्हणणार?

मी ठरवलं की आता गप बसायचं. पण मला गप बसता येत नाही, बोलायची सवय तोंडालाच लागते. म्हणून मी मिशरी लावायला लागले, भर ग्राउंडवर. एरवी ती सकाळी दात घासताना लावायची. मिशरी तोंडात असली की बोलता येत नाही, बोललं तर सगळं अंगावर. बायका हसल्या. "चाची, म्हातारपणात नाद वाढला वाटतं." वाढला तर वाढला. मी तोंड मिटून बसायची आणि सानिका माझ्याकडं बघायची. तिला वाटायचं, चाची रागावली. ती आणखी घाबरायची. मी रागावले नव्हते. पण तोंडात मिशरी असताना ते तरी कसं सांगणार?

सांगलीला एस.टी.नं गेलो. बाजाराच्या बाजूनं हळदीचा वास येत होता, प्रतीक्षा खिडकीतून सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. सानिका हात मांडीवर ठेवून बसली होती. मैदानाच्या गेटवर एका माणसानं मला अडवलं. शिकवणाऱ्यांनी बाहेर थांबायचं, असा नियम. मला मनातून बरं वाटलं. बाहेर तारेची जाळी होती, तिच्यामागं मी उभी राहिले. सानिका आत जाता जाता वळली आणि म्हणाली, "चाची, हितं चिंच कुठली?"

मी म्हटलं, "हितं चिंच न्हाई. हितं तू बघायचं."

ती "बरं" म्हणाली.

खेळ सुरू झाला. प्रतीक्षा अनोळखी पोरींना नावं विचारत, हाका मारत पळत होती. सानिकाला थोड्या वेळानं बॉल मिळाला. चांगला मिळाला, समोर मोकळं होतं, मला जाळीबाहेरून दिसत होतं. ती थांबली. तिनं जाळीच्या बाजूला बघितलं आणि मला शोधून काढलं.

माझ्या तोंडात मिशरी होती. पण हात मोकळे होते. नुसता एक हात उचलला असता तरी पुरलं असतं. तिचे डोळे एवढंच मागत होते. मी स्वतःला म्हटलं, आज हात उचलला तर उद्या ही इथं राहायला आल्यावर कोण उचलणार? मी जाळीकडं पाठ केली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. समोर एकजण भाजलेल्या शेंगा विकत होता. तो मला म्हणाला, "मावशी, खेळ तिकडं चाललाय." मी मान हलवली. रिक्षा गेल्या, मोटारसायकली गेल्या. मागून शिट्ट्या ऐकू येत होत्या, कुणाच्या बाजूच्या ते कळत नव्हतं. मी वळून बघितलं नाही. मला वाटत होतं की मी मोठं काम करतेय.

वळले तेव्हा सानिका मैदानाच्या कडेला होती. पळत होती, पण बॉल नसेल तिकडंच.

परतीच्या एस.टी.त प्रतीक्षा झोपली. इस्लामपूर गेल्यावर सानिका खिडकीकडं बघत म्हणाली, "चाची, तुमी पाठ फिरवलीसा, तवा मला वाटलं, मी लयच वंगाळ खेळतीया. मग मी बॉल मागितलाच न्हाई."

मी म्हटलं, "तसं नव्हतं गं. तुझं तू बघावं म्हणून फिरवली."

"मग तसं सांगायचं की."

 मी बोलले तर ती माझ्या बोलण्यावर खेळायची, गप बसले तर गप बसण्यावर, पाठ केली तर पाठीवर. माझ्याकडून काहीही गेलं की तिच्यापर्यंत हुकूम होऊनच पोचायचं. मालक हाताची घडी घालून उभे राहायचे, पण त्यांच्याकडं कुणी बघत नसायचं. ते मुद्दाम तसं करायचे की खरंच थकलेले असायचे, हे मी कधी विचारलं नाही. मी त्यांना रोज जेवायला वाढत होते, तेव्हा विचारता आलं असतं.

प्रतीक्षाची निवड झाली, सानिकाची नाही. जिला मी काही शिकवू शकले नाही ती गेली, आणि जिला सगळं शिकवलं ती राहिली. गिरणीत सानिकाच्या आईनं मला दळण दिलं आणि म्हणाली, "तुमी लय केलंसा तिच्यासाठी." ती खोचून बोलत नव्हती. मी पीठ डोक्यावर घेतलं आणि घरी आले. त्या दिवशीच्या भाकरी कशा झाल्या, मला आठवत नाही.

त्यानंतर मी पुष्कळ बदलले. चार बाजूंची नावं टाकली. पोरींना आपसात खेळायला सोडते, मग विचारते. प्रत्येकीला वेगळं विचारते. चुकलं तर चुकू देते. मिशरी डॉक्टरनं बंद करायला सांगितली आहे, पण ग्राउंडवर लावतेच. त्या औषधाशिवाय माझं तोंड मिटत नाही. काही पोरी चांगल्या तयार झाल्या. पण शिकवणं सुधारतं ते पुढच्या पोरींसाठी. ज्या पोरीवर आपण शिकलो, तिला त्याचा उपयोग नसतो.

सानिका आता कराडला कॉलेजात जाते. संध्याकाळी गाडीवरून थेट ग्राउंडवर येते. माझे गुडघे गेले, बारक्या पोरींमागं पळता येत नाही, म्हणून त्या तिच्याकडं असतात. तिनं स्वतःहून मागितल्या. खेळणं तिनं सोडलं, ग्राउंड सोडलं नाही. मला ते चांगलं की वाईट, ठरवता येत नाही.

ती शिकवते तेव्हा माझ्यासारखी ओरडते. शब्दसुद्धा माझेच. "बघायचं काम माझं, तुझं पळायचं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागं वळून बघितलं, वाटलं आपणच बोललो की काय. मी तिला एकदा म्हटलं, "सानिका, जरा गप बसून बघ त्यांच्याकडं." ती लगेच गप बसली. आठवडाभर तोंडातून अक्षर काढलं नाही. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "चाची, आता बोलू का?"

मी म्हटलं, "बोल बाई."

रस्ता रुंद करताना चिंच पाडली. बुंधासुद्धा काढला, वरून डांबर आलं. आत्ताच्या बारक्या पोरींनी ती पाहिलेलीच नाही. काल संध्याकाळी, ट्रॅक्टर यायच्या आधी, सानिका ओरडली, "चिंचेकडं मार." एका बारकीनं, जिच्या पायात अजून बूटसुद्धा नीट बसत नाहीत, मान वर न करता जिथं चिंच होती तिथं बरोबर बॉल मारला. सानिकानं टाळ्या वाजवल्या. बारकीनं बॉल पळत जाऊन परत आणला, त्याच्यावर पाय ठेवला आणि सानिकाकडं बघत उभी राहिली.

मी रोलरवरून उठले. काय सांगणार होते ते मलाच माहीत नाही. तोंडात मिशरी होती, थुंकायला विहिरीच्या कडेला गेले. चूळ भरून वळेपर्यंत हंगामातला पहिला ट्रॅक्टर गोलाच्या खांबाजवळ येऊन उभा राहिला आणि त्यानं गाणं लावलं. सानिकाचं तोंड हलत होतं. बारकी बॉलवर पाय ठेवून तिच्याकडं बघत होती.